घरातली चार उदाहरणं

३ जून
संपादकबाईंनी शब्दकोशासाठी चार इंग्रजी शब्द दिले: कम्पोज्ड, सिडेट, सोबर, ग्रेव्ह. मराठीत आपण सगळ्यांना 'गंभीर' म्हणून मोकळे होतो. मी होणार नाही. एका शब्दाला एक कार्ड, कार्डावर स्वतः पाहिलेलं उदाहरण, हा कचेरीचा नियम. आठवड्यात संपवतो.

५ जून, सकाळी
कम्पोज्ड: मन आवरून धरलेला. उदाहरण घरातच मिळालं. 'डॉक्टरांनी तपासायला गाठीचा तुकडा घेतला तेव्हा ती कम्पोज्ड होती.' बायको म्हणाली, अहो, शुक्रवारी रिपोर्ट आहे, याल ना? येतो म्हटलं.

९ जून, शुक्रवार
जाता आलं नाही. सिडेट अडलं होतं. ही एकटीच जाऊन आली आणि कपडे वाळत घालत बसली, टोकाला टोक जुळवून. विचारणारच होतो. पण इतक्या संथपणे वागते म्हणजे वाईट काही नसणार. सिडेट सुटलं: चालण्या-वागण्यात संथ.

१४ जून
हिचा भाऊ आला. दार लावून दोघं बोलली. निघताना मला म्हणाला, भावोजी, तुम्ही फारच शांत आहात हो. बरं वाटलं. चपला मात्र जोरात आपटत गेला.

१७ जून
सोबर: भान न सुटणारा. झालं. ही बॅग भरत होती. माहेरी का, विचारलं. म्हणाली, सोमवारी ऑपरेशन आहे, तीनदा सांगितलं. दोनदाच सांगितलं असावं. ग्रेव्ह: समोर धोका असतानाचं गांभीर्य. 'बॅगेत साबण ठेवताना तिचा चेहरा ग्रेव्ह झाला.' एक आठवडा जादा लागला, पण काम चोख.

१९ जून, सोमवार
दहाला कार्डं दिली. तासाभरात इस्पितळात पोचायचं, असा बेत. बाईंनी चारही वाचली, चष्मा काढला. म्हणाल्या, ही बाई एकच आहे ना? हो म्हटलं. आज कुठे आहे? सांगितलं. मग तुम्ही इथे काय करताय? म्हटलं, मुदत आजची होती. त्यांनी माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली.

दुपारी
ऑपरेशनच्या फॉर्मवर मेव्हण्याने सही केली होती. हिला आत नेत होते. मी अजिबात घाबरलो नव्हतो. धीराचे दोन शब्द बोलणार, एवढ्यात ही भावाला म्हणाली, यांना आधी खुर्ची दे, पडतील.
दार मिटलं. मेव्हण्याने पाणी आणलं. पेला दातांवर वाजत राहिला.