आकडा चौदा, नावं अकरा

सोम., १२ जाने.
आणलं: लॅपटॉपचं चार्जर, जुनं, चारशे. तीळ पाव किलो, साठ. कापूर, दहा.
चार्जर आलं तसा वैशूनं लॅपटॉप उघडला. डोळ्यांच्या शिबिराची यादी त्यातच. दवाखान्याच्या आशाताईनं कागद केलाच नव्हता. म्हातारी माणसं आमच्या ओसरीवर येऊन नावं सांगून गेली, पोरीनं तिथंच टाईप केली. वर आकडा चौदा. खाली नावं अकरा.
ज्याचं नाव नाही त्याला गाडीत घेत नाहीत. मार्कंडदेवा, सांभाळ.

मंगळ., १३
वैशू रडकुंडीला. कॉलेजच्या प्रोग्रॅमचा सराव म्हणून तिनं मागेच यादीची नक्कल केली होती, नकलेतून दर चौथं नाव काढून पाहिलं. मूळ यादीतूनही गेलं. कोणती नावं, आठवत नाही.
"मंग आकडा कसा राह्यला वं?"
"आकडा दुसरीकडे देला का दुसरा होते, आई. यादी तशी नाई. ती कुठी हाये तेवढा पत्ताच जाते. मले वाटलं दोन याद्या हायेत."
म्हणजे आपला तलाव. आपण बोडी म्हणतो, पलीकडचे देवतळं. गाळ कुठूनही ढवळा, पाणी एकच. आकड्याचं विरजणासारखं, शेजारणीनं नेलं तरी माझं दही माझ्याजवळ.
पोर जेवली नाही.

बुध., संक्रांत
वाण घेऊन घरोघर. तिळगूळ देता देता विचारलं. रुखमाबाई म्हणे, "माहं नाव तं पयल्याच दिवशी देलं ना बाई, आता काऊन पुसतं?" मासेवाल्या शिवरामभाऊंचंही नाव गळलेलं निघालं. दोन सापडले. तिसरं अजून नाही.

शुक्र., १६
हे म्हणतात, "आकडाच चुकला असंन, सोड." आकड्याला तर पोरीनं हातच लावला नाही.
रुखमाबाईला आठवलं: ओसरीवर हिरव्या लुगड्याची एक म्हातारी पण होती, गावातल्या पार्वताकडे पाहुणी आलेली. पार्वता घरादारासकट मिरची तोडायला तेलंगणात. फोन बंद. म्हातारी नदीपलीकडे आपल्या गावी गेली. तिचं नाव कोणालाच माहीत नाही. पार्वताची माय, बस.

शनि., १७
उपास. पोस्टकार्ड टाकलं. इथं उतरवून ठेवते:
पार्वताच्या आईस नमस्कार. पोस्टमनभाऊंनी वाचून दाखवावे, बाईंना दिसत नाही. बाई, तुम्ही आमच्या ओसरीवर डोळ्यांसाठी नाव दिलं होतं काय? ३ फेब्रुवारीला सकाळी गाडी आहे. दिलं असेल तर पूर्ण नाव सांगा. दिलं नसेल तरी उलट टपाली कळवा.