कुंकू लावलेली डिस्क

११ जानेवारी, रविवार

बसवली एकदाची! घरच्या सर्व्हरमध्ये नवी एसएसडी, आवाज न करणारी वेगवान डिस्क. जुन्या दोन हार्ड डिस्क घरघरत राहू देत बापड्या, फोटो-सिनेमे त्यांच्यावरच. एसएसडीचा कप्पा मात्र अगदी वेगळा केला. माघी गणपतीला टीव्हीवर बाबांचं गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे मालवणीत घातलेलं त्यांचं साकडं, लावायचंय, ते अडकत अडकत नको. बाबा गेल्यानंतरचा हा पहिला गणपती. गाऱ्हाणं त्यांच्याच आवाजात व्हायला हवं, असं आईने केव्हाच ठरवून टाकलंय.

ते रेकॉर्डिंग नितेशच्या, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या लॅपटॉपमध्ये होतं. त्यावर चहा सांडून लॅपटॉप मेला. आतली एसएसडी काढून त्याने मुलुंडहून आणून दिली, "दादा, तुझ्याकडे सेफ राहील." उद्या जोडून कॉपी करतो.

रुचिरा म्हणते, बायकोपेक्षा त्या डब्याकडे जास्त बघतोस. बघतो!

१२ जानेवारी

वाट लागली.

आईने दोन्ही एसएसडी देवघरात ठेवल्या होत्या; तिथे उरलेली दुसरी आज जोडली. कोरी! नवीकोरी.

दोन्ही सारख्याच काळ्या, एकाच कंपनीच्या — नितेशला मीच घ्यायला लावलेली. आमच्याकडे नवीन वस्तू आली की आई देवापुढे ठेवून कुंकवाचं बोट लावते. मिक्सरला, टीव्हीला, सगळ्यांना लागलंय. काल एकीवर कुंकू दिसलं, म्हणजे हीच नवी, असं धरून चाललो. सर्व्हरने विचारलं होतं, यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल? न वाचता 'होय' दाबलं.

आईला सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाली, "नव्याक लावूचा ऱ्हवलाच. ज्येच्यात तेंचो आवाज आसा, तेका लावलंय."

म्हणजे काल मी पुसली ती बाबांच्या आवाजाची डिस्क.

१३ जानेवारी

ऑफिसला दांडी. डेटा परत आणणारे तीन-चार प्रोग्रॅम चालवून पाहिले. एसएसडी नुसतं वरवर पुसत नाही, आतून झाडून काढते. हे मला माहीत होतं. तरी बघत बसलो.

१४ जानेवारी, संक्रांत

नितेश तिळगूळ घेऊन आला. दारातच, "लावलंस का रे दादा गाऱ्हाणं?"

काय बोललो मी! "लॅपटॉपबरोबर डिस्कही गेली बहुतेक."

त्याचा चेहराच पडला. "चहा माझ्याच हातनं सांडला ना यार. आईला काय तोंड दाखवू?"

आणि मी त्याची पाठ थोपटली. "होतं रे असं." लिहितानाही लाज वाटतेय. इतका हलकट मी कधीपासून झालो?

१६ जानेवारी

पवईला ऑफिसात नव्या मुलांपुढे बॅकअपवर भाषण ठोकलं. टाळ्या पडल्या.

१९ जानेवारी

चहाने आवाज गेल्याचं नितेशकडून कळल्यापासून आई त्याच्याशी धड बोलत नाही. त्याने फोन केला तर "व्हय", "नाय", बस्स. मग जेवताना मला म्हणाली, "तेका लहानपणापासून कसली काळजीच नाय. तू आसस म्हणान बरा." मी खाली मान घालून भात गिळत होतो. आज सांगायचं ठरवलं होतं. तिने आणखी एक माशाची तुकडी वाढली आणि माझं धाडस संपलं.

२१ जानेवारी

मखर झालं. आई म्हणते, "थोरलो तू, गाऱ्हाणा आता तूच घाल." घसा बसलाय, असं सांगितलं. खोटं! देवापुढे उभं राहायची हिंमत नाही, एवढंच. नितेश घालणार आहे. गुपचूप पाठ करतोय म्हणे.

२२ जानेवारी, गणपती

नितेशने बाबांच्याच चालीवर सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा!" सगळे, "व्हय म्हाराजा!" आई पदराने डोळे पुसत होती. शेवटी तो थांबला. मग म्हणाला, "माझ्या हातसून चाय सांडली, बापाशीचो आवाज गेलो. ता चुकला-माकला पदरात घी रे म्हाराजा!"

घरभर एकच आवाज, "व्हय म्हाराजा!"

आणि माझा, "नाय म्हाराजा."

गाऱ्हाण्यात असं कोणी म्हणत नाही. सगळे वळले. नितेशचे हात अजून जोडलेलेच होते.