दिवाळीच्या सुटीत लुंबिनी

२ ऑक्टोबर १९६३

ठरलं! दिवाळीच्या सुटीत लुंबिनी. बाबा, माय आणि मी. परदेशात!

लिहितानासुद्धा खरं वाटत नाही. अकोल्याच्या रेल्वे क्वार्टर्समधली माणसं आणि परदेश! पण बाबांचा हा नोकरीतला शेवटचा, रेल्वेच्या फुकट प्रवासाचा पास. डिसेंबरअखेर ते रिटायर होतात. हा पास नागपूरच्या कुणाच्या लग्नात घालवायचा नाही, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. भुसावळ, इटारसी, अलाहाबाद, बनारस. तिथे उतरून सारनाथ. मग गोरखपूर, आणि शेवटी नौतनवा. तिथे आपला देश संपतो. पुढे जीप.

बाबा बराच वेळ नकाशावर बोट ठेवून बसले. मग म्हणाले, "जलमभर दुसऱ्याच्या गाड्यायले वाट देल्ली. आता मायी गाडी!" बाबा पॉइंटमन. कोणती गाडी कोणत्या रुळावर जाणार ते त्यांच्या हातात. स्वतः मात्र नागपूरच्या पलीकडे गेलेले नाहीत.

माय भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी दोघं जा."

भितेय, दुसरं काय! तिची भीती घालवणं हे आता माझं काम.

५ ऑक्टोबर

शाळा सुटल्यावर कलेक्टर कचेरीत गेले. नेपाळला पासपोर्ट लागत नाही म्हणे! मी दोनदा विचारलं. कारकून हसले. "बाई, सांगून राहिलो ना, नाही लागत. तुम्हाला पाहिजेच असेल तर लंडनला जा."

पण सरहद्दीवरच्या शिपायाला हे माहीत असेल का? त्यानं अडवलं तर? बाबांना घेऊन तिथून परत फिरायचं? रेल्वेचं ओळखपत्र, माझं पदवीचं प्रमाणपत्र, सगळं बरोबर घ्यायचं. पदवीचं प्रमाणपत्र पाहून शिपाई काय करील कोण जाणे. तरी घ्यायचं.

८ ऑक्टोबर

शेजारच्या लीलाबाईंनी क्वार्टर्सच्या सगळ्या लाईनीत बातमी केली. नळावर मायला म्हणाल्या, "मनकर्णाबाई, फॉरेनले चालल्या म्हणे! आता आमाले वयखसान का?" ओळख दाखवाल का म्हणे!

माय म्हणाली, "मी कायले जातो? पोट्टी जाऊन राहिली."

रात्री मायनं मला आधी कंबरेचं दुखणं सांगितलं. मग शेळी. मग बाबांना बाहेरचं पाणी सोसत नाही म्हणे. पण बाबांना सोसत नाही म्हणून ती घरी का राहणार, ते तिलाच सांगता येईना. मी सगळ्याची उत्तरं दिली. शेळी लीलाबाई सांभाळतील. कंबरेला तेल बरोबर घेऊ. हिच्यासारख्या बायकांनी गावच्या विहिरीला हात लावला तर मार खाल्ला. तीच बाई भगवंताच्या जन्माच्या जागी उभी राहणार, तर तिला शेळी आठवते!

थोडं ओरडलेच. नको होतं.

१३ ऑक्टोबर, रविवार

अमरावतीला जाऊन आले. दोन कामं होती.

सूर्यभान गुरुजी मागच्या वर्षी लुंबिनीला जाऊन आले, त्यांना भेटले. मी वही-पेन्सिल घेऊन बसले. गुरुजी दीड तास जेवणावर बोलले! बनारसला पुरी चांगली, गोरखपूरला भात गिळगिळीत, नौतनव्याला चहात मीठ की काय घालतात. "आणि अशोकाचा स्तंभ, गुरुजी?" "स्तंभ हाय ना. मोठा हाय." संपलं! एवढं मात्र कळलं की जीप सरहद्दीपाशी मिळते, रस्ता कच्चा, पाऊस नसला तर जाते. नोव्हेंबरात पाऊस पडला तर? गुरुजी म्हणाले, "मंग बसा चहा पेत."

दुसरं काम खोलीचं. जानेवारीपासून मला अमरावतीच्या शाळेत शिक्षिकेची जागा मिळाली आहे. बाबा रिटायर झाले की क्वार्टर सोडावंच लागणार, मग तिघं तिकडेच. खोली बरी आहे, मागच्या अंगाला आहे, उजेड कमी.

घरी आल्यावर मायनं एवढंच विचारलं, "रस्त्यानं जाणाऱ्याले दार दिसते का तिथलं?"

मी म्हटलं, नाही, बोळातून आत जावं लागतं. ती चुलीकडे वळली. बरंच झालं, दुसरा वाद नको.

२० ऑक्टोबर, रविवार

आज रंगीत तालीम!

माझा अंदाज, माय मोटारीला भिते. लीलाबाईंचे भाऊ खुशालराव पातूरहून जुनी मिलिटरीची जीप घेऊन बाजाराला येतात. त्यांना गळ घातली, मायला आणि मला पातूरच्या घाटापर्यंत नेऊन आणा. खुशालराव म्हणाले, "ताई, या जीपमंदी जो टिकला तो नेपाळ काय, चीनपोतर जाईन."

घाटात उलटी झाली. मला!

माय पुढं खुशालरावांच्या शेजारी बसलेली, पदर वाऱ्यानं उडतोय, आणि चक्क हसतेय! "हे झाड पाह्य! हे पाह्य!" एका वळणावर ती म्हणाली, "अजून जोरानं चालते का हे?" मी मागं डोकं धरून बसलेली. इतकी खूश मी तिला कधी पाहिलीच नव्हती.

पण ऊन कलायला लागलं तशी ती सारखी सूर्याकडे पाहू लागली. खुशालराव म्हणाले, पातूरला माझ्या घरी चला, चहा घ्या, बहीण रागावेल नाहीतर. ती म्हणाली, "नाई भाऊ. दिवेलागणीच्या आंदी घरी सोडा." त्यांनी आग्रह केला तर तिचे डोळे भरले. चहासाठी! खुशालराव घाबरले बिचारे, सरळ जीप फिरवली.

म्हणजे मोटारीची भीती नाही. मग काय?

२१ ऑक्टोबर

बाबांनी कॅनव्हासचे बूट आणले. घरात घालून फिरताहेत. "पायाले सवय पाह्यजे."

२७ ऑक्टोबर, रविवार

झोपण्याआधी हे लिहून ठेवायलाच हवं.

सामान काढत होते. तिघंही जाणार म्हणजे घर बंद राहणार. मी विचारलं, "माय, आपलं कुलूप कुठं आहे?"

"नाई."

"हरवलं?"

"मी फेकलं."

मला वाटलं, थट्टा करते. बाजारात गेले, चांगलं जाड कुलूप आणलं. कोयंडा गंजलेला; तेल घालत होते, तर ती आली. माझ्या हातातून कुलूप घेतलं, माझ्याच पिशवीत टाकलं. म्हणाली, "या दाराले कुलूप लागत नाई, जयवंता."

"आणि चोर आला तर?"

"चोर येऊ दे. देवमन आला त?"

मला क्षणभर कळेचना, कोण देवमन! माझा सख्खा भाऊ, आणि मला आठवावं लागलं. सहा वर्षांत या घरात हे नाव निघालेलं नाही.

दीक्षेनंतरच्या उन्हाळ्यात गेला दादा. बाबांनी रेल्वेच्या साहेबांच्या पाया पडून त्याला खलाशात, म्हणजे रेल्वेच्या मजुरांत, लावलं होतं. दादा ड्यूटीवर झोपला, काढून टाकलं. बाबांनी त्याला सगळ्या लाईनीसमोर छडीनं मारलं — वीस वर्षांच्या पोराला — "माया डोयासमोर येऊ नको." दुसऱ्या दिवशी दादा नव्हता. कुणी म्हणे भुसावळला दिसला, कुणी म्हणे नागपूरला. पत्र नाही. मी मॅट्रिकच्या अभ्यासात होते. मग होस्टेल, मग बी. ए. मला वाटायचं, जे बोलत नाहीत ते विसरले असतील.

मी म्हटलं, दार बंद दिसलं तर तो लीलाबाईंना विचारेल.

"तो इचारणारा नाई. लाजन. बंद दिसलं का वापस जाईन."

तेव्हापासून ती एकही रात्र बाहेर राहिलेली नाही. एकही! माझ्या पदवीदानाला नागपूरला आली नाही. शेळी व्यायला झाली म्हणाली. मी तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते रागानं.

२८ ऑक्टोबर

शाळेत सगळा दिवस एकच विचार. उपाय असलाच पाहिजे!

लीलाबाईंना आपल्याकडे झोपायला सांगू म्हटलं. माय म्हणाली, "दुसरी बाई दारात दिसली त त्याले वाटन, हे लोक गेले इथून."

दारावर चिठ्ठी लावू, दादाला वाचता येतं. "अन बाहेरून चिठ्ठी वाचून तो बसन का तुयी वाट पायत?"

मी हरले. पण चिडलेही. सगळं जग बदलायला निघालेली मी, आणि मला एका उंबऱ्यावरून एक बाई उचलता येत नाही!

३० ऑक्टोबर

आज कळलं, मला सगळ्यात मोठी गोष्ट अजून दिसलीच नव्हती. डिसेंबरनंतर हे दारच आमचं राहणार नाही. इथे दुसरा पॉइंटमन येईल. दादाला ठाऊक असलेलं घर हेच एक. तिच्या हातात एवढेच दिवस उरलेत, आणि त्यातले पंधरा मी मागतेय.

आणि वर तिला बोळातली खोली दाखवायला निघाले होते.

बाबांना सांगू का? त्यांच्यासमोर ते नाव काढायचं? त्यांना कसं सांगायचं की लुंबिनी राहू द्या? बूट घालून अंगणात फेऱ्या मारताहेत. ड्रायव्हर, गार्ड, ज्याला त्याला सांगून झालंय. काल एका मालगाडीच्या ड्रायव्हरनं इंजिनातून ओरडून विचारलं, "क्यों जानराव, कब चले नेपाल?" बाबांनी झेंडीनंच त्याला सलाम केला!

तिला न्यायचं तर ती तिकडे जीव टांगून बसेल. दोघंच गेलो तर बाबा विचारतील, का. सगळंच रद्द केलं तर बाबांचा शेवटचा पास.

झोप नाही.

३ नोव्हेंबर

पास आला. बाबांनी तो मला तीनदा वाचायला लावला. स्वतः, पत्नी, अविवाहित मुलगी.

मी खोटं बोलले — मायला बरं नाही, पाहू.

"काहून? घाटात त तूच वकली होती!" आणि खो खो हसले. मलाही हसावं लागलं.

६ नोव्हेंबर

बाबांची रजा मंजूर. मंगळवारी सकाळची गाडी. मी सामान बांधते आणि सोडते.

८ नोव्हेंबर

मायनंच सांगितलं. मी नाही!

बाबा जेवत होते. वाटेत सारनाथला किती थांबायचं, ते मला विचारत होते. माय भाजी वाढता वाढता म्हणाली, "मी येत नाई. माया पोरगा येईन."

बाबांचा घास हातातच. मला वाटलं, आता ताट भिरकावतील. त्यांनी घास ताटात ठेवला, हात धुतला, कंदील घेऊन ड्यूटीवर निघून गेले. ड्यूटीला अजून वेळ होता.

माय म्हणाली, "बरं झालं. निदान नाव आठोलं त्यायले." आणि त्यांचं ताट झाकून ठेवलं.

९ नोव्हेंबर

बाबांचे बूट खाटेखाली.

१० नोव्हेंबर, रविवार

बूट अजून खाटेखालीच. संध्याकाळी लीलाबाई रस्त्यासाठी शंकरपाळे घेऊन आल्या, डबा भरून. काय सांगू त्यांना? घेऊन ठेवले. परवा गाडी. मी शाळेत काय सांगणार? गुरुजींना काय सांगणार? लाज वाटते की मला अजूनही हेच सुचतं.

११ नोव्हेंबर

सकाळी बाबा ड्यूटीवरून आले. बसले. मायला म्हणाले, "तुमी मायलेकी जा. मी रायतो घरी. रजा हाय माई, दारातच बसतो."

माय म्हणाली, "तुमाले पाहून वापस गेला त?"

"मंग मी त्याच्या मांगं पळीन."

मायनं त्यांच्यापुढं चहा ठेवला. मग म्हणाली, "आंदी त्याले जेऊ घालजा. मंग बोलजा."