‘मले’ की ‘मलाई’?

बुटवल, नेपाळ
४ मार्च २०२५

चि. सौ. मयुरास बाबाचे अ. आ.

फोनवर मले ऐकू येत नाही, म्हणून लिहून लॉजवाल्याच्या मोबाइलनं फोटो धाडून राहिलो. घाबरू नको, आम्ही दोघंही धड आहो. काल घाटात उतारावर आपली फियाट उभी होती. मागच्या जीपचा हँडब्रेक नव्हता, ती घरंगळत आली न् आपल्यावर आदळली. मधात तिचाच ड्रायव्हर सापडला. पाय राहते का जाते, डॉक्टर सांगत नाही.

मी चौकीत कागद लिहून देल्ला, तरी हे लोक मलेच गुन्हेगार धरून राहिले. चावी न् पासपोर्ट ठेवून घेतला. काहून, ते समजत नाही. कागदाचा फोटो जोडतो. तुझी आई कालपासून गप्प आहे.

लोभ आहेच.
शालिकराम

मनीषनगर, नागपूर
५ मार्च २०२५

ती. बाबा-आईस शि. सा. न.

पत्र मिळालं. त्र्याऐंशीत याच गाडीतून पोखऱ्याला गेलो, तेव्हा मी सात वर्षांची, मागच्या काचेखालच्या फळीवर झोपून गेले होते. आईनं रस्त्याकडेला स्टोव्ह पेटवून पुऱ्या तळल्या. तेव्हाही तुम्ही दुसऱ्या कुणाला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. पण आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी ही हौस कशाला, बाबा?

असो. तुमचा कागद धरमपेठेतल्या नेपाळी मोमोवाल्या कमलाताईंना दाखवला. पहिलीच ओळ, ‘मले जीपनं ठोकलं.’ अहो, नेपाळीत ‘मैले’ म्हणजे ‘मी’! चौकीवाल्यांनी वाचलं, ‘मी जीप ठोकली.’ शाळेतल्यासारखं ‘मला’ लिहिलं असतं, तरी त्यांना ते ‘मलाई’ वाटलं असतं, म्हणजे नेपाळीतलं ‘मला’, आणि निभावलं असतं. कमलाताईंनी नेपाळीत नवा कागद लिहून दिलाय, त्याचा फोटो जोडते. प्रिंट काढून सही करा, आजच द्या आणि सुटून या. माझा जीव टांगणीला लागलाय.

तुमची,
मयुरा

बुटवल
६ मार्च २०२५

चि. मयुरास आशीर्वाद.

कागद भेटला. सही केली नाही.

त्यायनं वाचलं तेच खरं आहे. जीप जागची हालली नव्हती. स्टिअरिंगवरचा गिअर, पहिला टाकाले गेलो न् रिव्हर्स पडला. तो ड्रायव्हर बिचारा मागं त्याच्या जीपच्या बॉनेटले टेकून चहा पिऊन राहिला होता. बेचाळीस वर्षं सांगत आलो, ही गाडी माझ्याशिवाय कोणाले समजत नाही. मले लाज वाटली वं, म्हणून खोटं लिहिलं. तुझी आई बाजूलेच बसली होती. तिनं सारं पाहिलं.

आज सकाळी दवाखान्यात गेलो. त्याचा पाय काढला. बाहेर बाकावर त्याची बायको बसली होती. हात जोडून म्हटलं, माझ्या हातानं झालं. तिले किती समजलं, माहीत नाही. तिनं तोंड फिरवलं.

आता चौकीत जातो, खरं लिहून देतो. सुटका कधी होईल, सांगता येत नाही. तुझी आई तीन दिवसांनी आज बोलली. म्हणाली, थांबा, चप्पल घालते, मीही येते.

जमेल तेवढा लोभ ठेव.
तुझा बाप,
शालिकराम