भिंतीवरच्या पाच सुऱ्या

३ मार्च
बायको बहिणीकडे जाऊन नऊ दिवस झाले. जाताना म्हणाली, तुमच्याशी बोलणं आणि भिंतीशी बोलणं सारखंच. उतरेल राग. मला विशेष काही वाटत नाही. सकाळी पाव, संध्याकाळी पाव.

खरी गोम मला कळली आहे : सुरी. सोळा वर्षं मागे लागली होती, एवढी धार लावून आणा. आता धारच काय, पाच नव्या सुऱ्यांचा सेटच मागवला. परत आली की बघत राहील.

६ मार्च, सकाळी ११
सेट आला. डोळ्यांचं पारणं फिटलं. पातं आणि मूठ सलग, मधे जोड नाही. बोटावर आडवी ठेवली तर तोलून राहते. मुठीला अंगठ्यापुरता उतार दिलाय. ज्याला हे सुचलं त्याच्या पाया पडावं.

खोका उघडताना घरातल्या जुन्या सुरीचं टोक मोडलं. बरंच झालं. मूठ सुतळीने गुंडाळलेली, सेटमध्ये शोभलीही नसती. कचऱ्यात टाकली.

७ मार्च
भिंतीवर मॅग्नेटची पट्टी बसवली. चौथ्या प्रयत्नात लेव्हलमध्ये आली. जुन्या भोकांवर कॅलेंडर लावलं. उद्यापासून स्वतः स्वयंपाक. नक्की.

८ मार्च
टोमॅटो आणला. आंबट रसाने पात्यावर डाग पडू शकतात, असं सेटबरोबरच्या कागदात लिहिलंय. घाई नको. पाव.

११ मार्च
मेहुणीचा फोन. तिला सुऱ्यांचे फोटो पाठवले होते, एकूण बावीस. म्हणाली, भावोजी, सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही. सोन्याची म्हणाली, म्हणजे आवडल्या.

ताई रविवारी येतेय, म्हणाली, एक वस्तू न्यायला. वस्तू हा बहाणा. सरळ 'येते' म्हणायला जड जातं माणसाला.

१४ मार्च, शनिवार
उद्या तिच्यासमोर कांदा चिरायचा. चार तास व्हिडिओ पाहिले. मनगट छान सुटलंय. सराव हवेतच केला, पातं खराब व्हायला नको.

१५ मार्च, रविवार
अकराला आली. चपला काढल्या नाहीत. मी पाचही सुऱ्यांची माहिती दिली. शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग विचारलं, माझी सुरी कुठाय?

म्हटलं, यातली हवी ती घे. म्हणाली, आईची. आई गेल्यावर घरातून तेवढीच आणली होती. मुठीवरची सुतळी आईच्या हातची.

हे मला माहीत होतं. सोळा वर्षं माहीत होतं.

कचऱ्यात टाकली, हे सांगितलं. भांडेल असं वाटलं, उत्तरंही तयार होती. तिने कचऱ्याचा डबा उघडून पाहिला. त्यात फक्त पावाचे कागद. मग घराची किल्ली ओट्यावर ठेवली आणि गेली. कांदा राहिलाच.

आत काहीतरी व्हायला हवं होतं. वाट पाहिली. झालं नाही.

दुपारी २
सुऱ्यांवरची धूळ पुसली. टोमॅटो सडलाय. पाव हातानेच तोडला.