पितृपक्षात उतरलेली सात विमानं

आई, तुझ्यावर चिडूनच लिहायला बसलेय. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली, मी स्वतः आता आजी झाले, तरी तुझ्यावर चिडायची सवय काही जात नाही. परवा जुहूच्या विमानतळावरून एका पोरीचा फोन आला. तिथल्या फ्लाइंग क्लबात ती आता माझ्या जागेवर बसते. जुन्या फायली चाळताना तिला माझ्या हातचा नकाशा सापडला, कुठलं विमान कुठे उभं करायचं त्याचा. त्यांनाही आता तसंच करायचंय म्हणे. बाहेरगावची छोटी विमानं एका दिवशी बोलवायची, पाहुण्यांना जुनं विमानतळ दाखवायचं, जेवू घालायचं आणि उजेड आहे तोवर परत पाठवायचं. "मॅडम, तुम्ही त्या काळी प्लॅनिंग कसं केलंत?" असं विचारत होती. लिहून कळवते म्हटलं खरं, पण काय सांगू तिला, कपाळ? प्लॅनिंग मी केलंच कुठे? मी टाइप केलं. प्लॅनिंग तू केलंस, कुणी न विचारता, कांदे चिरता चिरता, आणि माझी पार वाट लावलीस.

तेव्हा मी तेवीस वर्षांची. चाळीत एकाच घरी रंगीत टीव्ही आला होता आणि सगळी चाळ तिथे जाऊन बसायची, ते दिवस. बाबा त्याच विमानतळावर हँगरमध्ये मेकॅनिकच्या हाताखाली होते. ते गेल्यावर क्लबाने तुला कँटीन चालवायला दिलं आणि मला ऑफिसात टेम्पररी टायपिस्ट म्हणून घेतलं. दर तीन महिन्यांनी माझी मुदत संपायची आणि दर तीन महिन्यांनी तू देव पाण्यात ठेवायचीस. आमचे सेक्रेटरी साहेब हवाई दलातून निवृत्त झालेले, मिशीवाले, कडक. मोठी विमानं केव्हाच सांताक्रूझला गेली आणि देशातलं पहिलं विमानतळ आपलं हे लोक विसरून गेले, हे त्यांना फार लागायचं. म्हणून हा घाट. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "हे नीट पार पाड. तुला कायम करायचं पत्र मी स्वतः कमिटीपुढे मांडतो. घोळ झाला, तर मात्र सोमवारी यायची तसदी घेऊ नकोस." मी बाहेर आले तर तू दाराशीच, हातात चहाचा ट्रे घेऊन. सगळं ऐकलेलं. कान काय होते गं तुझे!

तारीख काढायचं काम माझ्याकडे होतं. पाऊस ओसरलेला हवा आणि रविवार हवा, एवढंच साहेबांचं म्हणणं. मी कॅलेंडर घेऊन कँटीनमध्ये बसले होते, तुला विचारलंही नव्हतं. तू कढईतून मान वर न करता म्हणालीस, "पितृपक्षातलो रविवार धर गो. लग्नां नाय, मुंजी नाय. मांडववालो मोकळो, भांडीवालो मोकळो, वाढूक बायका मिळतत." मला पटलं. तुझं बोलणं नेहमी त्या क्षणाला पटायचंच, पस्तावा मागाहून यायचा. मी पत्राच्या प्रती काढायला स्टेन्सिल कापली, पुणे, बडोदा, इंदूर, जिथे जिथे फ्लाइंग क्लब होते तिथे पत्रं धाडली, ट्रंक कॉल लावून लावून घसा बसवून घेतला. सात विमानांचा होकार आला. साहेब खूश. आणि मग आमचे हेड मेकॅनिक, बाबांचे वस्ताद, नोटीस बोर्डासमोर उभे राहिले आणि त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "ही तारीख कुणी काढली रे? पितृपक्षात इथे काय होतं माहीत नाही का कुणाला?"

माहीत होतं की. सगळ्यांनाच माहीत होतं, फक्त कुणाच्या डोक्यात आलं नाही. विमानतळाच्या कुंपणाला लागून एका अंगाला कोळीवाडा, दुसऱ्या अंगाला बैठ्या चाळी, आणि त्या पंधरवड्यात घरोघरी पितरांसाठी पान वाढून कुंपणाच्या भिंतीवर ठेवायचे. मोकळी जागा, झाडं नाहीत, कावळ्यांना बोलावणं सोपं. रनवेच्या त्या टोकाला नुसता काळा थवा आणि त्यांच्यावर घारी. आमची रोजची विमानं त्या दिवसांत दुपारची उडायचीच नाहीत. वस्ताद म्हणाले, "एक कावळा पंख्यात गेला ना, की विमान गेलं, आणि त्यातला माणूस नशिबाने राहिला तर राहिला." आता सात क्लबांना कुठल्या तोंडाने कळवू, की आमची पितरं येणार आहेत तेव्हा तुम्ही येऊ नका?

घरी येऊन तुझ्यावर एवढी ओरडले की शेजारच्या काकी डोकावल्या. तू शांतपणे भिंतीवरचं कॅलेंडर काढलंस, डोळ्यांजवळ धरलंस आणि म्हणालीस, "अगो, दशमी त्याच दिवशी इली. तुझ्या बापाशीचो म्हाळ. बरां झालां, एकाच दिवशी सगळा आटापला." आई गं! मी डोकं धरून खाली बसले. क्लबाचे सभासद धरून दोनशे माणसांचं जेवण, सात विमानं, माझी नोकरी, आणि त्यातच तुझं बाबांचं श्राद्ध, आणि तुझा नेम असा की बाबांच्या पानाला कावळा शिवल्याशिवाय तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही. मी म्हटलं, एक वर्ष दुसऱ्या तिथीला कर, सर्वपित्रीला कर. तू माझ्याकडे असं बघितलंस की मी उठून कॅलेंडर परत खिळ्याला अडकवलं.

दुसऱ्या दिवशी मी कोळीवाड्यात गेले, क्लबाच्या कागदावर टाइप केलेली विनंती घेऊन. अकलेचा कांदा मी! एका आजींनी तो कागद उलटा धरला, मग सुलटा धरला, मग त्याने वारा घेतला. "आमचे पितर काय तुझ्या विमानाची वाट बघत बसतील काय गो? वर्षाचे एकदा येतात ते." बाकीच्या खो खो हसल्या. मी रडकुंडीला येऊन परत आले. तू पदर खोचलास. "तुका मागूक येणा नाय. मी बघतंय." तीन दुपारी तू कँटीन बंद करून तिथे जाऊन बसलीस. काय बोललीस कुणास ठाऊक, पण चौथ्या दिवशी येऊन सांगितलंस, शेवटचं विमान टेकेपर्यंत भिंतीवर एकही पान चढणार नाही. वस्ताद कुंपणाशी उभे राहून लाल फडकं हलवतील, मग सगळ्याजणी एकदम ठेवतील. म्हणे, "मी सांगितलंय, माझ्या घोवाचा पानपण तेवाच ठेवतलंय, आधी नाय." हे ऐकून त्या कबूल झाल्या. तेव्हा मला तुझा अभिमान वाटला होता. तोंडाने म्हणाले नाही, कारण तारीख तुझीच होती ना!

तो रविवार मला अजून तासातासाने आठवतो. नऊपासून विमानं येतायत, एकेक करून, समुद्रावरून वळण घेऊन, आणि मी नकाशा छातीशी धरून पळतेय. साहेब इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, प्रत्येक वैमानिकाला जुनं हँगर दाखवतायत. अकरापर्यंत सहा उतरली. सातवं, बडोद्याचं, अकराला यायचं होतं. सव्वाअकरा. साडेअकरा. भिंतीपलीकडे बायका पानं घेऊन उभ्या, उन्हात, आणि आवाज चढायला लागलेले. कावळे त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालायला लागले होते, वास लागला होता मेल्यांना. बारा वाजले. साहेबांनी लांबूनच मला मनगटावरचं घड्याळ दाखवलं. तू कँटीनमधून निघून भिंतीपाशी गेलीस आणि तुझा तो खणखणीत आवाज मला ऑफिसापर्यंत ऐकू आला, "पंधरा दिवसांसाठी इलेत ते, अर्ध्या तासान उपाशी मरणत नाय! उपाशी मी पण आसंय!" परत येताना तू माझ्या हातात बाबांचं पान दिलंस, वर्तमानपत्रात बांधलेलं. पहाटे उठून बाबांपुरतं वेगळं रांधलेलं. "माका आता हलूक गावाचा नाय, पंगत बसली हा. विमान टेकला की तू ठेव. आणि कावळो शिवलो की माका येवन सांग."

बडोद्याचं विमान बारा पस्तीसला टेकलं. वस्तादांनी फडकं हलवलं, भिंतीवर पानांची रांग लागली, आणि काळं वादळ उठावं तसे कावळे आले. एक मिनिट आधी आले असते तर! त्यानंतर हार, भाषण, सह्या, साहेबांचं "टायपिस्ट कुठे आहे?", मग कुणाला तरी पेट्रोल हवं, कुणाला तरी हवामान हवं. अडीच वाजता मी कँटीनच्या दारावरून धावत जाताना तू हाक मारलीस. तू भिंतीला टेकून बसली होतीस, ओठ सुकलेले, चेहरा पांढराफटक. "शिवलो काय गो?" मी म्हटलं, "हो, लगेच." तू हसलीस. "जन्मात कधी वेळेर जेवूक इले नाय. आज बरे इले." आणि पंगतीतून उरलेल्या पुऱ्या नि बटाट्याची भाजी पुढ्यात ओढून घेतलीस.

चारनंतर कावळे पांगले, उजेड होता तोवर सातही विमानं सुखरूप परत गेली आणि पुढच्या महिन्यात मला कायम केल्याचं पत्र मिळालं. इथूनच तुझ्यावरचा माझा खरा राग सुरू होतो. त्या दिवसापासून तू जाईपर्यंत, दर पितृपक्षात, घरी येईल त्याला तू तीच कथा सांगायचीस. पोरीची नोकरी टांगणीला होती म्हणून तिच्या बापाने त्या वर्षी वेळ पाळली, पहिला घास घेतला आणि पोरीला कायम केलं. माझ्या लग्नात सांगितलीस, माझ्या सासूला सांगितलीस, बोरीवलीला आम्ही ब्लॉक घेतला तेव्हा वास्तुशांतीच्या भटजींना सांगितलीस. एकतीस वर्षं नोकरी केली मी तिथे! नकाशा माझा, ट्रंक कॉल माझे, पायातली चप्पल तुटली ती माझी, आणि श्रेय कावळ्याला. मी दात-ओठ खाऊन गप्प बसायचे. तुझे जावई हसायचे आणि म्हणायचे, "आई, तुमची मुलगी पण हुशार आहे हो." तू म्हणायचीस, "हुशार आसा, पण बापाशीची माया येगळी."

मला तुला एकदा तरी ओरडून सांगायचं होतं. दहा वेळा तोंडाशी आलं. शेवटच्या वर्षी, तू बिछान्याला खिळलीस तेव्हा तर रोज यायचं. पण तू ती कथा सांगताना उशीवरून उठून बसायचीस, म्हणून राहिलं. आता त्या पोरीला उत्तर लिहायला कागद घेतला आणि हे सगळं त्यावर उतरलं. तिला मी वेगळ्या कागदावर एवढंच कळवणार आहे, की बाई, पितृपक्ष टाळ. हा कागद फाडून टाकीन. वाचणारी तू नाहीसच, तर निदान खरं ते लिहिते.

कावळा शिवला नव्हता, आई. मी पान ठेवलंच नव्हतं. माझ्या टेबलाखाली टाइपरायटरच्या खोक्यामागे ते तसंच राहिलं. मी तुला हो म्हटलं तेव्हा मला आठवलं, आणि तुझा चेहरा बघून नाही म्हणायची छाती झाली नाही. तीन वाजता ऑफिसात आले तेव्हा भिंतीवर जाऊन ठेवता आलं असतं. पण मी पहाटे चारपासून उपाशी होते गं, कुणी विचारलं नव्हतं, तूसुद्धा नाही. दार लावून घेतलं, जमिनीवर बसले आणि बाबांचं पान मी खाल्लं. वडे, भात, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, सगळं, रडत रडत. त्यांच्यासाठी न चाखता रांधायचीस ना तू? सांबाऱ्यात मीठ घालायला विसरली होतीस.