आठाचा प्रश्न

प्रिय मंदार,

आधी डबा खा, मग वाच. चिडून लिहिलंय, नाहीतर तुझी भूक मरायची. तोंडानं सांगायला गेले की तू "आई, प्लीज" म्हणत मोबाइल कानाला लावतोस, म्हणून हा कागद डब्याच्या पिशवीत.

माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन सतरा तारखेला ठरलं होतं. अण्णा नगरच्या डॉक्टरांनी तुझ्यासमोर बजावलं होतं, उशीर करू नका. आणि काल हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा मला कळलं, की तू परस्पर तारीख पुढच्या महिन्यावर ढकललीस. का, तर एक आणि सात आठ! शनीचा आकडा! अरे, दम मला लागतो की तुझ्या आकड्यांना? मेट्रोचा जिना चढताना मी मध्येच थांबून पदर सारखा करायचं सोंग करते, ते दिसत नाही तुला?

जास्त चीड याची, की हे आकडे तुला मीच दिले. सातवीत माझी शाळा सुटली. लग्नानंतर इकडे तमिळ मुलखात, आवडी नावाच्या गावातल्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये वेळ जाईना, तेव्हा टी. नगरच्या फुटपाथवरून अंकशास्त्राचं एक हिंदी पुस्तक आणलं आणि अडखळत वाचलं. त्यातलं नशिबाचं काही मला पटलं नाही. पण तारखेतले आकडे मिळवायचे आणि जो येईल त्याचा एक प्रश्न स्वतःला विचारायचा, एवढं मी उचललं. प्रश्न माझेच. दोनाला, कुणाचं ऐकून घ्यायचं राहिलं? पाचाला, जीभ कुठे घसरली? शाळेतून आलास की दप्तर टाकायच्या आधी तू विचारायचास, "आई, आज कितीचा?" मग मुरुक्कू, ही इकडची चकली, कुडुमकुडुम खात खरं खरं सांगायचास. पाचाला तर तुझं संपायचंच नाही.

खालच्या श्रीरंजनी मामी "एट्टु वेंडाम, आठ नको" म्हणत नवी स्कूटर घ्यायची तारीख विचारायला येतात. मी म्हणते, मामी, मी मुहूर्त सांगत नाही, मी दिवस मावळताना स्वतःची झाडाझडती घेते. त्या हसतात, कॉफी पितात आणि दुसऱ्या कुणाला विचारायला जातात. त्यांचं एक वेळ सोड. पण गाड्यांच्या कारखान्यात मशीनची केसभर चूक चालू न देणारा तू? हात टेकले बाबा तुझ्यापुढे.

तुला वाटतं, मी सव्वीस तारीख विसरले. बाबांना ऑपरेशनला आत नेलं ती. स्ट्रेचरवरून मला म्हणाले, "रत्ना, घरी गेल्यावर कॉफी कडक कर हं." दोन आणि सहा आठ. तेव्हापासून आठाला तू नवा शर्टसुद्धा घालत नाहीस. मी तुला अडवलं नाही, कारण सव्वीस उजाडली की मीही कॉफी करायची टाळते. पण बाबांना आकड्यानं नेलं नाही रे. पोट दुखायचं, तर ओवा चावत बसायचे, आणि डॉक्टरचं नाव काढलं की पुढच्या आठवड्यात बघू म्हणायचे. तू आकडा लक्षात ठेवलास आणि त्याचा प्रश्न विसरलास. आठाचा प्रश्न काय होता? भीतीपोटी आज काय टाळलं?

आज सकाळी, तू अंघोळीला गेलास तेव्हा मी हॉस्पिटलला फोन करून सतरा तारीख परत मागून घेतली. मिळाली. सोळाला संध्याकाळी दाखल व्हायचंय. शेजारची विमला येते म्हणाली सोबतीला, पण मला ती नको, तू हवास. मी भीत नाही असं समजू नकोस. पत्र लिहिलं ते त्यासाठीच. भांडून झालं, आता हात धर आणि चल. सतराला मला शुद्ध आली, की उशाशी वाकून विचार, "आई, आज कितीचा?" काहीच टाळलं नाही, असं उत्तर मला तुझ्यासमोर द्यायचंय.

भाजीत मीठ कमी पडलं असेल, तेही रागातच.

तुझीच, अजून रुसलेली,
आई